१७०९ ची थंडी, मेलेला गहू आणि फ्रान्सची दुबार पेरणी

प्रश्न असा आहे: १७०९ साली फ्रान्समध्ये थंडीनं सहा लाख माणसं मेली हे खरं का, आणि एवढं होऊनही चौदाव्या लुईविरुद्ध लोक का उठले नाहीत, क्रांतीला १७८९ का उजाडावं लागलं?

मी चोवीस वर्षं कॉलेजात युरोपचा इतिहास शिकवतोय आणि हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आकडा साधारण बरोबर आहे. १७०९ आणि १७१० मिळून नेहमीपेक्षा सहा लाखांच्या आसपास जास्त माणसं मेली असा अंदाज आहे, आणि तेव्हा फ्रान्सची लोकसंख्या होती सव्वादोन कोटीच्या आतबाहेर. पण "थंडीनं मेली" हे अर्धंच खरं आहे. थंडीनं मेली ती जानेवारी-फेब्रुवारीत, म्हातारी माणसं, तान्ही मुलं, रस्त्यावर झोपणारे. बाकीची मोठी संख्या मेली ती नंतर, उन्हाळ्यात, पानगळीत, पुढच्या वर्षी, ती भुकेनं आणि भुकेच्या मागून आलेल्या तापांनी, हगवणीनं. थंडीनं आधी गहू मारला आणि मग गव्हानं माणसं मारली असं म्हटलं तर जास्त नेमकं होईल.

आता नक्की काय झालं ते बघू. ५ जानेवारीला पॅरिसमध्ये पाऊस होता, हवा तशी सौम्य होती. त्या रात्री वारा फिरला आणि ६ तारखेच्या सकाळी सगळं गोठलेलं. पॅरिसच्या वेधशाळेत तेव्हा ला हीर हा शास्त्रज्ञ रोजच्या नोंदी ठेवायचा, आणि मोरँ नावाचा एक डॉक्टर तर १६६५ पासून स्वतःच्या घरी हवामानाची वही लिहीत होता. त्या काळच्या अशा नोंदींवरून आज काढलेला अंदाज उणे २० अंशांच्या जवळपास जातो. जवळजवळ तीन आठवडे हे चाललं. सेन गोठली, रोनसारखी दक्षिणेतली जोरात वाहणारी नदी गोठली, तिकडं व्हेनिसचं खारं पाणीसुद्धा गोठलं. व्हर्सायच्या महालात, जिथं लाकडाला काही कमी नव्हती, तिथं राजाची भावजय लिझेलोट जर्मनीतल्या आपल्या आत्याला पत्रात लिहिते की मी धगधगत्या शेकोटीजवळ बसलीये, गळ्यात फर, पायांवर अस्वलाचं कातडं, तरी इतकी कुडकुडतेय की लेखणी हातात धरवत नाही, असा हिवाळा आयुष्यात पाहिला नाही. दरबारातला सँ-सिमोन लिहितो की कपाटात ठेवलेल्या कडक दारूच्या आणि अत्तराच्या बाटल्या फुटल्या. आता हे राजाच्या घरातलं, मग ज्याच्या झोपडीला दारसुद्धा धड नाही त्याचं काय झालं असेल.

पण इतिहासाच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट जानेवारीची थंडी नाही, ती आहे त्यानंतरची उघडीप. जानेवारीच्या शेवटी हवा अचानक ऊबदार झाली, बर्फ वितळलं, जमीन पाण्यानं भरली, लोकांना वाटलं सुटलो. आणि फेब्रुवारीत पुन्हा कडक गोठण. घरी शेती असल्यामुळं मला हा भाग वाचताना पोटात खड्डा पडतो. युरोपातला मुख्य गहू ऑक्टोबरात पेरतात, तो थंडीआधी उगवतो, वीतभर होतो, मग बर्फाच्या पांघरुणाखाली गप्प बसतो आणि वसंतात फुटवे धरतो. बर्फ त्याला मारत नाही, उलट सांभाळतं, गोधडीसारखं. पण पांघरूण गेलं, जमीन चिंब झाली, आणि मग ते पाणी जागच्या जागी गोठलं तर काय होतं? पाण्याचा बर्फ होताना तो फुगतो, माती वर उचलतो, आणि मातीबरोबर कोवळं रोप मुळांपासून तुटून वर येतं. एकदा मूळ तुटलं की विषय संपला. दोन्ही गोठणी वेगवेगळ्या आल्या असत्या तर बराचसा गहू कदाचित तगला असता, पण मध्ये पाणी आणि वर पुन्हा बर्फ या क्रमानं सगळं गेलं. दक्षिणेत ऑलिव्हची झाडं, अक्रोड, चेस्टनट उभी चिरली, द्राक्षवेली मेल्या. गहू एका वर्षात परत येतो, ऑलिव्हचं झाड नाही येत, त्यामुळं प्रोव्हान्स आणि लांगदोकमधल्या कित्येक घरांचं उत्पन्न पुढच्या दहा-वीस वर्षांसाठीच गेलं.

यात अजून एक अडचण होती जी पुस्तकात एका ओळीत उरकतात. गेल्या वर्षीचं धान्य काही ठिकाणी वखारीत पडून होतं, पण नद्या गोठल्या म्हणजे पाणचक्क्या बंद, आणि चक्की बंद म्हणजे पीठ नाही. पुन्हा पॅरिससारखं पाच लाख लोकांचं शहर धान्य आणायचं मुख्यतः होड्यांनी, सेन, मार्न, वाझ या नद्यांवरून. त्या होड्या बर्फात अडकल्या. म्हणजे टंचाई सुरू झाली तेव्हा देशात धान्य संपलेलं नव्हतं, ते पोहोचत नव्हतं आणि दळलं जात नव्हतं.

आणि मग मार्च-एप्रिलमध्ये शेतं हिरवी व्हायची थांबली तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की जुलैत कापायला काही नाही. इथून भाव सुटला. ज्याच्याकडं धान्य होतं त्यानं दाबून धरलं, ज्याच्याकडं पैसे होते त्यानं घाबरून जास्त घेतलं, आणि पॅरिसात गव्हाचा भाव १७०८ च्या मानानं सहापटीच्या घरात गेला. तिथं सामान्य माणसाचं जेवण म्हणजे पाव, दिवसाला किलोभर, कमाईतला निम्मा पैसा चांगल्या वर्षीही पावावर जायचा. भाव सहापट, मजुरी तीच, आणि थंडीनं कामं बंद, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. २७ एप्रिलला सरकारनं फर्मान काढलं की प्रत्येकानं आपल्याकडचा साठा जाहीर करायचा, लपवला तर गॅलीवर वल्हं मारायची शिक्षा. साठे थोडेफार बाहेर आले, पण भाव काही खाली आला नाही.

आता दुबार पेरणी, ज्यासाठी मी खरं तर एवढं लिहायला बसलो, कारण यावर कुणी बोलत नाही. वसंतात काही शहाण्या शेतकऱ्यांनी मेलेल्या गव्हाची शेतं नांगरली आणि तिथं बार्ली पेरली, म्हणजे आपला जव. जव वसंतात पेरून उन्हाळ्यात हाताशी येतो. पण सरकारला वाटत होतं की गहू अजून फुटेल, त्यामुळं उभं शेत नांगरायला आधी मनाई झाली. सँ-सिमोननं हे स्पष्ट लिहून ठेवलंय, की ज्यांनी जव पेरला तेच सुखी झाले, त्यानंच लोक वाचले, पण पोलिसांनी त्यावर बंदी घातली आणि चूक कळली तेव्हा उशीर झाला होता. नंतर मोकळीक मिळाली, बियाणं मिळेल तिथून मिळेल त्या भावानं घेऊन लोकांनी पेरलं, आणि नशीब असं की त्या वर्षी जव खूप चांगला पिकला. पुढचं वर्षभर लाखो लोकांनी जवाचा आणि ओटचा पाव खाल्ला. राजाची बायको मादाम द मँतनोंसुद्धा ओटचा पाव खात होती असं सांगतात. याआधीच्या १६९३-९४ च्या दुष्काळात तेरा लाखांच्या आसपास माणसं मेली होती, तेव्हा थंडी एवढी नव्हती तरी. १७०९ ला त्याच्या निम्मी मेली, आणि माझं ठाम मत आहे की या फरकातला मोठा वाटा त्या जवाचा आहे. व्हर्सायमधल्या एकाही फर्मानानं एवढे जीव वाचवले नाहीत.

आता या सगळ्यात युद्ध चालू होतं हे विसरू नका. स्पेनच्या गादीसाठीचं युद्ध १७०१ पासून चाललेलं, एका बाजूला फ्रान्स आणि लुईचा नातू पाचवा फिलिप, जो स्पेनचा राजा झालेला, दुसऱ्या बाजूला इंग्लंड, हॉलंड, ऑस्ट्रिया. १७०८ मध्ये फ्रान्स औदेनार्दला हरला आणि वर्ष संपता संपता लील हे मोठं शहर गेलं. तिजोरी रिकामी. सरकारला कर्ज देणारा सगळ्यात मोठा सावकार साम्युएल बर्नार, त्याची देणी वसंतात लियों शहरात थकली आणि तिथला पैशाचा बाजारच बसला. अर्थखातं बघणारा देमारे, लुईचा जुना अर्थमंत्री कोलबेअर याचा भाचा, त्यानं कसंबसं ओढलं, आणि त्याला आधार मिळाला तो पेरूकडून परतलेल्या फ्रेंच जहाजांचा, त्यांनी सुमारे ३ कोटी लिव्हरची (लिव्हर म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन) चांदी आणली होती.

राजा तेव्हा सत्तर वर्षांचा. त्यानं तह मागितला, आणि खरोखर खाली वाकून मागितला. परराष्ट्रमंत्री तोर्सी स्वतः मे महिन्यात हॉलंडमधल्या हेगला गेला, शत्रूच्या दारात, हे त्या काळात केवढी मोठी गोष्ट होती बघा. २८ मे ला समोरच्यांनी ४० कलमांचा मसुदा हातात दिला. जवळजवळ सगळं लुई द्यायला तयार होता, पण ३७ व्या कलमाचा अर्थ असा होता की दोन महिन्यांत फिलिप स्पेन सोडून गेला नाही तर युद्धबंदी संपली, म्हणजे आजोबानंच नातवाला गादीवरून ओढायचं. लुईनं नकार दिला. युद्ध करायचंच तर मुलांशी करण्यापेक्षा शत्रूंशी करीन, अशा अर्थाचं त्याचं वाक्य प्रसिद्ध आहे.

आणि मग त्यानं जे केलं ते त्याच्या स्वभावाच्या पूर्ण विरुद्ध होतं. १२ जूनला प्रांतांच्या गव्हर्नरांना पत्र गेलं, तोर्सीनं लिहिलेलं, राजाच्या सहीचं, आणि ते छापून देशभर वाटलं, वाचून दाखवलं. त्यात राजा प्रजेला समजावून सांगतोय की मी शांतता का मागितली, काय काय द्यायला तयार होतो, समोरचे कसे मागण्या वाढवत गेले, माझी माया माझ्या मुलांवर आहे तेवढीच तुमच्यावर आहे, तुमचे हाल मला कळतात, पण असल्या अटींवरचा तह तुम्हालाही मान्य होणार नाही याची मला खात्री आहे. ज्या माणसानं पन्नास वर्षं कुणाला कसलंही स्पष्टीकरण दिलं नाही तो आता लोकांना कारणं सांगतोय. मी वर्गात हे पत्र वाचून दाखवतो तेव्हा मुलं शांत होतात. त्याच महिन्यात त्यानं युद्धमंत्री शामियारला घरी पाठवला आणि व्हुआझँला आणलं, लोकांचा सगळा राग शामियारवर होता. आणि त्याच सुमाराला दरबारातली चांदीची ताटं-वाट्या टाकसाळीत वितळवायला गेली, राजानं स्वतःची सोन्याची भांडी दिली. सँ-सिमोन सांगतो की आठवड्याभरात सगळी बडी मंडळी फायान्सवर, म्हणजे चकाकी दिलेल्या मातीच्या भांड्यांत जेवायला लागली. त्यातून रक्कम फार उभी राहिली नाही, पण ते लोकांना दिसलं.

सैन्याचं काय? फ्लँडर्सच्या सीमेवर मार्शल विलार होता. सैनिकाला दिवसाला दीड पौंड पाव मिळायचा, तोच मिळत नव्हता. विलार लिहितो की मी रांगांमधून जायचो तेव्हा शिपाई प्रार्थनेतली ओळ म्हणायचे, आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. ज्या तुकड्या कूच करणार त्यांना पाव द्यायचा आणि ज्या थांबणार त्यांना उपाशी ठेवायचं, असं तो चालवत होता. तरीही भरती वाढली, कारण गावात काहीच नव्हतं आणि लष्करात निदान पाव मिळायची आशा होती. ११ सप्टेंबरला माल्प्लाकेला लढाई झाली, अठराव्या शतकातल्या सगळ्यात रक्ताळलेल्या लढायांपैकी एक. मैदान शेवटी शत्रूचे सेनापती, इंग्लंडचा मार्लबरो आणि ऑस्ट्रियाचा प्रिन्स युजीन, यांच्या हातात राहिलं, पण त्यांचे वीस हजारांहून जास्त पडले, फ्रेंचांचे अकरा-बारा हजार. विलारच्या गुडघ्याला गोळी लागली, म्हाताऱ्या मार्शल बुफ्लेरनं फौज शिस्तीत मागं आणली. तूर्ने आधीच पडलं होतं, ऑक्टोबरात मॉन्स गेलं, पण पॅरिसचा रस्ता काही उघडला नाही. एवढी माणसं गमावून काय मिळालं हा प्रश्न लंडनमध्ये विचारला जायला लागला.

आता तुमचा दुसरा प्रश्न, लोक उठले का नाहीत. पहिली गोष्ट, उठले होते. धान्याच्या गाड्या लुटणं, बेकऱ्या फोडणं, मठांच्या कोठारांवर मोर्चे, देशभर हेच चाललं होतं. पॅरिसच्या बाजारातल्या बायका राजाकडं पाव मागायला व्हर्सायकडं निघाल्या, त्यांना सेव्ह्रच्या पुलावर शिपायांनी अडवून परत पाठवलं. लक्षात ठेवा तो पूल, ऑक्टोबर १७८९ मध्ये बायकांचा मोर्चा त्याच सेव्ह्रवरून व्हर्सायला गेला, आणि त्या वेळी त्यांना कुणी थांबवलं नाही. युवराज ऑपेराला गेला की बायका त्याच्या गाडीभोवती जमायच्या आणि तो पैसे टाकून सुटका करून घ्यायचा. २० ऑगस्टला पॅरिसच्या वेशीजवळ एक टेकाड सपाट करायचं दुष्काळी काम काढलं होतं, मजुरी म्हणून पाव, लोक जमले अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त, पाव पुरला नाही आणि दंगल पेटली. हाच बुफ्लेर, माल्प्लाकेच्या तीन आठवडे आधी, गाडीतून उतरून त्या गर्दीत गेला, लोकांचं ऐकून घेतलं, राजाला सांगतो म्हणाला आणि लोक निवळले.

यात बघायची गोष्ट अशी की राग राजावर कमी आणि व्यापाऱ्यांवर, मंत्र्यांवर, मादाम द मँतनोंवर जास्त होता. तेव्हा एक विडंबन हातोहात फिरत होतं, व्हर्सायातल्या आमच्या पित्या, तुझं नाव आता पवित्र मानलं जात नाही, तुझं राज्य पूर्वीइतकं मोठं राहिलं नाही, आमची भाकर आम्हाला दे, आणि शेवटी आम्हाला शामियारपासून सोडव. धार आहे त्यात, पण राजा अजून "पिता"च आहे. शिवाय दुष्काळ म्हणजे देवाचा कोप असं बहुतेकांना मनापासून वाटत होतं, मे महिन्यात पॅरिसची रक्षक मानल्या जाणाऱ्या संत जनव्हिएव्हच्या अस्थींची मिरवणूक निघाली तेव्हा सारं पॅरिस रस्त्यावर होतं.

पण मला विचाराल तर खरं कारण वेगळं आहे. १७०९ मध्ये लोकांना एकत्र येऊन बोलायला जागाच नव्हती. तीन वर्गांची, म्हणजे पाद्री, सरदार आणि सामान्य लोकांची, देशव्यापी सभा शेवटची भरली होती १६१४ मध्ये. पॅरिसच्या उच्च न्यायालयानं धान्याच्या भावाची चौकशी करतो म्हटलं तर राजानं त्यांना गप्प बसवलं. फौज उपाशी असली तरी आज्ञेत होती. १७८८-८९ मध्येही पीक गेलं होतं, हिवाळा कडक होता, पाव महागला होता, पण तेव्हा राजानं कर्जामुळं स्वतःच ती सभा बोलावली होती, गावोगाव तक्रारींच्या वह्या लिहून घेतल्या जात होत्या, आणि भुकेला पहिल्यांदा राजकीय भाषा मिळाली. नुसती भूक क्रांती करत नाही, १७०९ त्याचा पुरावा आहे.

युद्ध तसं अजून चार वर्षं ओढलं, १७१३ ला उत्रेख्तचा तह झाला आणि फिलिप स्पेनच्या गादीवरच राहिला. स्पेनचा आजचा राजा त्याच घराण्यातला आहे.

शेवटी, ज्यांना हे स्वतः डोळ्यांनी बघायचंय त्यांच्यासाठी. फ्रान्समधल्या बहुतेक जिल्हा अभिलेखागारांनी चर्चच्या जुन्या वह्या स्कॅन करून नेटवर फुकट ठेवल्यात, बाप्तिस्मा, लग्न, दफन सगळं एकाच वहीत तारखेनं लिहिलेलं असतं. फ्रेंच फार येत नसलं तरी चालेल, समासातली अक्षरं बघत जा, बाप्तिस्म्याला 'बी', लग्नाला 'एम', दफनाला 'एस' अशी खूण पुष्कळ ठिकाणी असते. मी पहिल्यांदा अन्जू भागातल्या एका लहान गावाची वही उघडली तेव्हा १७०८ ची पानं सावकाश लिहिलेली होती, मोठं अक्षर, बाळाचं नाव, आईबापाचं, मानलेल्या आईबापाचं, सह्या. १७०९ च्या वसंतापासून दफनांच्या नोंदी एकावर एक यायला लागतात आणि प्रत्येक नोंद आखूड होत जाते, काही ठिकाणी नावही नाही, नुसतं एक गरीब, अनोळखी, रस्त्यात सापडला, वय अंदाजे अमुक. बाप्तिस्मे जवळजवळ थांबतात, कारण उपाशी बाईला मूल राहत नाही आणि लग्नं लोकांनी पुढं ढकललेली असतात. १७१० पण तसंच जातं. मग १७११ च्या पानांवर 'एम' दिसायला लागतो, एका महिन्यात चार-पाच लग्नं, त्यात बरीच विधुर-विधवांची, आणि पुढच्या वर्षी 'बी'. सुरुवात करायची तर १७०७ च्या वहीपासून करा, थेट १७०९ उघडू नका, आधीचं चांगलं वर्ष पाहिलेलं असलं की पुढची पानं वाचता येतात.